कुठे, कधी आणि मग किती

तिशीच्या आतबाहेरची बाई. गेल्या वर्षभरात आठ-दहा किलो वजन वाढलेलं. डोकं रोज दुखतं, सकाळी जरा जास्तच. वाकून चपलेचा पट्टा लावताना डोळ्यांपुढे क्षणभर काळोख येतो आणि लगेच सगळं पूर्ववत. रात्री उशीवर कान टेकला की आत नाडीच्या ठेक्यावर काहीतरी सूं सूं वाजत राहतं. आधी पित्ताच्या गोळ्या होतात, मग अर्धशिशीच्या, मग चष्म्याचा नंबर बदलून होतो. केव्हातरी डोळ्यांचे एखादे डॉक्टर बाहुली मोठी करणारे थेंब घालून आत नीट बघतात आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं तोंड सुजलेलं दिसतं. एमआरआयमध्ये गाठ सापडत नाही. शेवटी पाठीतलं पाणी काढायचं ठरतं. मणक्यात घातलेल्या सुईला उभी नळी जोडतात, तर पाणी तिच्यात पंचवीस सेंटिमीटरची खूण ओलांडून वर चढतं.

मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढण्याच्या या आजाराला जर्मन मेंदूतज्ज्ञ माक्स नोने यांनी १९०४ मध्ये नाव दिलं होतं ‘स्यूडोट्यूमर’, म्हणजे खोटी गाठ. गाठीची सगळी लक्षणं, पण गाठ नाही. आजचं नाव आहे आयडिओपॅथिक इन्ट्राक्रेनिअल हायपरटेन्शन, थोडक्यात आयआयएच. रुग्ण बहुतांशी मूल होण्याच्या वयातल्या आणि वजन वाढलेल्या बायका असतात. वेळेत लक्ष गेलं नाही तर दृष्टी कायमची जाते. ब्रिटनमध्ये २०१० साली पंचवीस बायकांना तीन महिने दिवसाला फक्त ४२५ कॅलरींच्या आहारावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या वजनाबरोबर डोक्यातला दाबही उतरला. पुढे ६६ बायकांच्या चाचणीत वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेची तुलना नेहमीच्या आहार-व्यायाम गटाशी केली. २०२१ मध्ये निकाल आला. शस्त्रक्रियेच्या गटात दाब एका वर्षाने अधिक उतरला होता आणि दोन वर्षांनी फरक आणखी वाढला होता. मात्र दाब पुरता ताळ्यावर यायला साधारण चोवीस टक्के वजन जावं लागतं, म्हणजे नव्वद किलोच्या बाईला वीसेक किलो. ‘जरा चालत जा’ या सल्ल्यात ते बसत नाही.

बायकांच्या कुठल्याही तक्रारीवर ‘आधी वजन कमी करा’ हे उत्तर आपल्याकडे इतकं सहज फेकलं जातं की ऐकणारीला ते टोमण्यासारखं लागतं, आणि बहुतेक वेळा ते टोमणाच असतं. आयआयएचमध्ये मात्र ते औषध आहे. २०२५ च्या जानेवारीत लॅन्सेट समूहाच्या आयोगाने लठ्ठपणाला आजार केव्हा म्हणावं याचे निकष मांडले. प्रौढांसाठीच्या त्या अठरा निकषांत डोक्यातला वाढलेला दाब आणि त्यामुळे येणारी डोकेदुखी किंवा दृष्टिदोष यांचा समावेश आहे.

लठ्ठपणा आणि मेंदू यांच्या नात्यातला हा सर्वांत सरळ धागा. वजन वाढलं, दाब वाढला; वजन उतरलं, दाब उतरला. बाकीच्या आजारांतही असंच असेल असं गृहीत धरून निघालेला माणूस मात्र दुसऱ्याच वळणावर चकतो.

स्मृतिभ्रंशाचंच बघा. उत्तर कॅलिफोर्नियात कैसर परमनन्टे या आरोग्यसंस्थेकडे १९६४ ते १९७३ या काळात चाळीस ते पंचेचाळीस वयाच्या लोकांच्या तपासण्या झाल्या होत्या. त्यांतल्या १०,२७६ जणांचं पुढे काय झालं ते रेचल व्हिटमर आणि सहकाऱ्यांनी शोधलं आणि २००५ मध्ये छापलं. चाळिशीत जे लठ्ठ होते, त्यांना म्हातारपणी स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण नेमस्त वजनाच्या लोकांपेक्षा ७४ टक्क्यांनी जास्त होतं. झालं, मथळे ठरले.

दहा वर्षांनी ब्रिटनमधून नेमकं उलटं उत्तर आलं. नवाब किझिलबाश आणि सहकाऱ्यांनी दवाखान्यांच्या नोंदींमधून चाळिशीपुढच्या जवळपास वीस लाख लोकांचा माग काढला. त्यात हडकुळ्या लोकांना स्मृतिभ्रंशाचा धोका ३४ टक्के अधिक निघाला आणि अतिलठ्ठांना २९ टक्के कमी! एवढा मोठा आकडा बाजूला सारता येईना. चरबी मेंदूला तारते की मारते, यावर काही काळ बराच धुरळा उडाला.

हा गुंता पुष्कळसा सोडवला तो लंडनच्या सरकारी नोकरांनी. व्हाइटहॉल-२ नावाच्या पाहणीत १९८५ पासून १०,३०८ जण दाखल झाले, आणि दर काही वर्षांनी त्यांचं वजन-उंची मोजली जात राहिली. २०१८ मध्ये अर्चना सिंग-मानू आणि सहकाऱ्यांनी अठ्ठावीस वर्षांच्या नोंदी उलगडल्या. पन्नाशीत लठ्ठ असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त होता. साठीतल्या आणि सत्तरीतल्या लठ्ठपणाशी मात्र तसा संबंध दिसेना. कारण ज्यांना पुढे आजार होणार होता त्यांचं वजन निदानाच्या साधारण आठ वर्षं आधीपासून उतरू लागलेलं होतं. म्हणजे सत्तरीतला वाळका माणूस वाळका असल्यामुळे विसरत नव्हता. आत आजार सुरू झाल्यामुळे तो वाळत चालला होता. त्याच सुमारास मीका किविमाकी यांनी तेरा लाख लोकांच्या आकडेवारीतून हीच दुहेरी रेघ काढून दाखवली: निदानाच्या वीस वर्षं आधी मोजलं तर वजन जास्त, निदानाच्या तोंडावर मोजलं तर कमी.

आमच्या नात्यातल्या एका आजींचं निदान झालं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, केव्हापासून विसरायला लागल्या? सुनेला तारीख काही सांगता येईना. तिला आठवले ते ब्लाउज. चार-पाच वर्षं दर दिवाळीला ती ते दोन्ही बाजूंनी आत घेत होती. ‘आईंच्या अंगाला काही लागत नाही’ एवढंच तेव्हा घरात बोललं गेलं. गॅसवर दूध विसरलं गेलं ते त्यानंतर पुष्कळ दिवसांनी. संशोधकांच्या आलेखातली उतरती रेघ त्या बाईने सुईदोऱ्याने नोंदवून ठेवली होती.

तेव्हा ‘कधी’ हा पहिला प्रश्न. दुसरा ‘कुठे’, आणि तो आपल्या जास्त जवळचा आहे.

२००४ मध्ये लॅन्सेटमध्ये एक फोटो छापून आला. दोन प्राध्यापक शेजारी-शेजारी उभे: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे वजन आणि उंचीच्या वर्गाचा भागाकार, अगदी सारखा: २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. दुपटीहून अधिक! दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून या कोड्याला ‘वाय-वाय पॅरडॉक्स’ म्हणतात. हात-पाय काटकुळे, स्नायू बेताचे आणि चरबी पोटात, हा आपला देह. काट्यावर तो ‘नॉर्मल’ दिसतो.

बीएमआयला दोष देऊन उपयोग नाही. बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात तो काढला तो लोकसंख्येचं सरासरी माप म्हणून. एकेका माणसाचं आरोग्य जोखायला नव्हे. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी मर्यादा खाली आणल्या. २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा, आणि कमरेचा घेर पुरुषांना ९० तर बायकांना ८० सेंटिमीटरपर्यंत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीएमआयचा २५ चा जागतिक निकष लावून २४ टक्के बायका वजनदार ठरल्या. याच फेरीत कमरेचा घेर पहिल्यांदा मोजला गेला, तर पोट सुटलेल्या बायका निघाल्या ४० टक्के. काट्याने सोडून दिलेल्या कितीजणी टेपने पकडल्या त्याचा हा हिशोब.

मेंदूला या पोटाचं काय पडलंय? व्हिटमर यांनीच २००८ मध्ये आणखी एक निष्कर्ष मांडला. कॅलिफोर्नियातल्या ६,५८३ लोकांचं चाळिशीत पाठीपासून पोटाच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर मोजलेलं होतं. सर्वांत मोठ्या पोटाच्या पाचव्या हिश्श्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सर्वांत सपाट पोटाच्या हिश्श्यापेक्षा जवळजवळ तिप्पट होतं, आणि ज्यांचं एकूण वजन बेताचं पण पोट मोठं, तेही धोक्यातून सुटले नव्हते. पक्षाघाताचीही तीच कथा. भारतासह बावीस देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक पाहणीने २०१० मध्ये पक्षाघाताचा नव्वद टक्के धोका दहा कारणांत बसवून दाखवला. त्या दहांत कंबर-नितंबांचं गुणोत्तर आहे; बीएमआय नाही.

मांडीवरची चरबी तशी निरुपद्रवी. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी मात्र सतत रसायनं सोडत असते. त्यातली बरीच थेट यकृताकडे जातात. इन्सुलिनचा शब्द पेशी ऐकेनाशा होतात, रक्तदाब चढतो, मेंदूच्या आतल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. त्यांच्या टोकाशी असलेला मेंदूचा पांढरा भाग उपाशी पडतो. एमआरआयवर त्याचे ठिपके दिसतात. रिपोर्टमध्ये त्यांना ‘वयोमानानुसार बदल’ म्हणतात आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. अल्झायमरला ‘तिसऱ्या प्रकारचा मधुमेह’ म्हणण्याची टूम २००५ पासून आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ते नाव फार चालतं. मला ते पटत नाही. अल्झायमरमध्ये इन्सुलिनचं काहीतरी बिनसतं हे खरं, पण नाव असं की साखर सोडली म्हणजे आजी सुटली असं वाटावं.

लॅन्सेटच्याच स्मृतिभ्रंश आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणं मोजली. सगळी मिळून ४५ टक्के. त्यात लठ्ठपणाच्या वाट्याला किती? एक टक्का. हा आकडा दाखवून ‘बघा, लठ्ठपणाचं काही विशेष नाही’ म्हणणारे भेटतात. पण त्याच यादीत वाईट कोलेस्टेरॉलचे सात टक्के वेगळे आहेत, रक्तदाबाचे दोन, मधुमेहाचे दोन, बैठेपणाचे दोन. पोट ज्या वाटांनी मेंदूपर्यंत जातं त्या वाटांचा हिशोब आधीच वळता केला, तर पोटाच्या नावावर उरणार काय?

आतापर्यंत आपण चरबीकडून मेंदूकडे निघालो होतो. इतिहासात मात्र शोधाची सुरुवात झाली मेंदूकडून. १९०१ मध्ये व्हिएन्नातल्या आल्फ्रेड फ्र्योलिश यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. डोकेदुखी, मंदावणारी नजर, झपाट्याने वाढलेलं वजन, आणि पिट्युटरी ग्रंथीपाशी गाठ. दोष पिट्युटरीचा की तिच्या वरच्या हायपोथॅलॅमसचा, हा वाद चार दशकं चालला. १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांची पिट्युटरी शाबूत ठेवून फक्त हायपोथॅलॅमसचा नेमका भाग जाळला. उंदीर फुगले. भूक पोटात लागत असली तरी तिचा हिशोब तिथे ठेवला जातो हे सिद्ध झालं. त्या हिशोबनिसाला निरोप कोण देतं, हे कळायला १९९४ उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी लेप्टिनचं जनुक शोधलं. चरबीच्या पेशी लेप्टिन रक्तात सोडतात आणि ते मेंदूला सांगतं, ‘साठा भरलाय, आता पुरे.’ तीन वर्षांनी केंब्रिजमध्ये पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातली दोन चुलत भावंडं तपासली गेली. जन्मापासून त्यांच्यात लेप्टिनच बनत नव्हतं. आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो होतं. तिला आणि तिच्यासारख्या मुलांना खादाड म्हणणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

मात्र नेहमीच्या लठ्ठपणात लेप्टिन कमी नसतं, भरपूर असतं. निरोप पोचतो, ऐकला जात नाही. का, याचा एक धागा २०१२ मध्ये सिअ‍ॅटलच्या संशोधकांना मिळाला. उंदरांना चरबीयुक्त खाणं सुरू केल्यावर तीन दिवसांच्या आत, म्हणजे वजन वाढण्याच्याही आधी, हायपोथॅलॅमसमध्ये दाह दिसू लागला. लठ्ठ माणसांच्या एमआरआयमध्येही त्याच जागी व्रणासारख्या खुणा सापडल्या. मग लठ्ठपणा हे मेंदूच्या आजाराचं कारण, की लठ्ठपणा हाच काही अंशी मेंदूचा आजार? मला तरी दुसऱ्या प्रश्नाचं वजन वाढताना दिसतं.

बाकीच्या आजारांची पानं जरा भरभर उलटू. अर्धशिशी लठ्ठपणामुळे होते असं नाही, पण असेल तर ती फोफावते. अमेरिकेतल्या तीस हजार लोकांच्या पाहणीत (२००६) महिन्याला दहा ते पंधरा दिवस डोकं दुखणारे रुग्ण नेमस्त वजनाच्या गटात ४.४ टक्के होते, अतिलठ्ठ गटात २०.७. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ‘कधी’चं उत्तर आणखी मागे जातं. अमेरिकन परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत अठराव्या वर्षी लठ्ठ असलेल्यांना पुढे हा आजार होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. मोठेपणच्या वजनाचा तसा संबंध दिसला नाही. आणि एएलएस, ज्यात स्नायूंना चालवणाऱ्या पेशी मरत जातात, तिथे सगळं उफराटं. तिथे वजन उतरणं हेच वाईट लक्षण. अंगाने भरलेले रुग्ण जास्त दिवस काढतात. जाड माणसाला घरून निघताना उपदेशाचा डोस देणाऱ्यांनी एएलएसच्या रुग्णासमोर तेवढा तो आवरावा, तिथे तूप वाढायचं असतं.

घोरण्याबद्दल एक. गळ्याभोवतीच्या चरबीने झोपेत श्वास अडतो, रात्रभर प्राणवायू खालीवर होतो, पहाटे रक्तदाब चढलेला असतो. पक्षाघाताशी याचा संबंध पक्का आहे. पण २०१६ च्या सेव्ह चाचणीत २,७१७ रुग्णांत मास्क लावून श्वास मोकळा ठेवल्याने पक्षाघात किंवा हृदयविकार कमी झाले नाहीत. लोकांनी मास्क रात्री सरासरी तीन-सव्वातीन तासच लावला होता, हे त्यात विसरायचं नाही.

मेंदूपासून लांब, मांडीतही एक नस आहे. जांघेत, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाशी ती एका घट्ट पट्ट्याखालून मांडीच्या बाहेरच्या अंगाला उतरते. वरून पोटाचा भार, त्यात पँटचा करकचून आवळलेला पट्टा किंवा परकराची नाडी, की नस दबते. तळहाताएवढा भाग बधिर होतो, मुंग्या येतात, उभं राहिलं की आग होते. सिग्मंड फ्रॉइडला हा त्रास होता आणि १८९५ मध्ये त्याने स्वतःच्या मांडीवर टिपणच लिहिलं. आपल्याकडे अशा बाईचं लगेच कमरेचं एमआरआय निघतं. आधी नाडी सैल करून बघावी. काही पैसे पडत नाहीत.

मेंदूच्या औषधांनीही वजनाशी घरोबा केलाय. फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट वजन वाढवतं, इतकं की तरुण मुली ते गुपचूप बंद करतात आणि फिट परत येते. टोपिरामेटने वजन उतरतं. फिट्ससाठी निघालेलं हे औषध अर्धशिशीतही चालतं, आणि २०१२ मध्ये अमेरिकेत फेन्टरमिनबरोबर मिसळून थेट लठ्ठपणाचं औषध म्हणून मान्य झालं. आता जमाना आहे सेमाग्लुटाइडच्या जातीच्या इंजेक्शनांचा. तीही काम करतात ती मुख्यतः मेंदूत भूक शमवून. मधुमेहासाठी ती घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी दिसतो, म्हणून अपेक्षा फार वाढल्या होत्या. पार्किन्सनमध्ये २०१७ च्या छोट्या चाचणीत याच जातीच्या एक्सेनॅटाइडने आशा दाखवली. २०२५ च्या मोठ्या चाचणीत ती मावळली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अल्झायमरचे निकाल आले. सुरुवातीच्या टप्प्यातले ३,८०८ रुग्ण, दोन वर्षं सेमाग्लुटाइडच्या गोळ्या, आणि आजाराच्या वेगात फरक शून्य.

मला याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. अमेरिकेतल्या लुक अहेड चाचणीतही पाच हजारांवर मधुमेही लोकांचं वजन कसोशीने उतरवलं होतं. सरासरी वय साठीच्या आसपास. एकूण गटात बुद्धीच्या चाचण्यांवर फायदा दिसला नाही. व्हाइटहॉलचे सरकारी नोकर जे सांगत होते तेच हे. ज्या वयात पोट मेंदूचं नुकसान करतं ते वय ओलांडल्यावर पोट आत घेऊन गेलेलं परत येत नाही. चाळिशीत औषध सुरू करून वीस वर्षांनी मोजणारी चाचणी हवी, पण तिचा खर्च कुठली कंपनी करील? पेटंट तेवढं टिकत नाही.

मात्र अशी एक मोजणी पुण्याजवळ चालू आहे, औषधाविना. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायकांची पाहणी सुरू केली. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पुण्याच्या बाळांचे दंड बारीक, पोट लहान, पण पाठीवरची चरबीची घडी जवळजवळ इंग्रज बाळाएवढी. बारीक आणि तरीही चरबीवान, जन्मतःच. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ फार कमी होतं, त्यांची मुलं नवव्या वर्षी लक्ष आणि स्मरणाच्या काही चाचण्यांत मागे पडली, हेही याच गावांतून कळलं. तेव्हाची ती बाळं आज तिशीत आहेत. काहींची लग्नं झालीत, काहींची पोटं सुटू लागली असतील. त्यांच्या जन्माच्या दिवसाचं वजन, दंडाचा घेर, पाठीवरची घडी, सगळं बारकाईने लिहून ठेवलेलं आहे. त्यांची पन्नाशी येईल ती २०४५ च्या सुमारास.